पायउतार होण्याची सोय

सर रोज सकाळी दहाला सिंगापुरातल्या आमच्या विद्यापीठाच्या कँटीनमध्ये खांबाजवळच्या टेबलावर येऊन बसायचे. समोर बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, खुर्चीच्या पाठीला अडकवलेली छत्री. त्या अर्ध्या तासात ज्याला जे विचारायचं असेल त्याने येऊन विचारावं, अशी पद्धत होती. आम्ही विद्यार्थी त्याला आपापसात झरोका म्हणायचो. मुघल बादशहा रोज सकाळी झरोक्यात येऊन रयतेला दर्शन देत. त्यामुळे बादशहा आहे, धडधाकट आहे, हे सगळ्यांना डोळ्यांनी दिसे. एकदा एक बादशहा आजारी पडून काही दिवस झरोक्यात आला नाही, तर तो मेल्याची आवई उठली आणि त्याच्या चार मुलांत गादीसाठी जुंपली. हे मला सरांनीच शिकवलं होतं. त्यामुळे एका मंगळवारी सव्वादहा वाजून गेले तरी खांबाजवळचं टेबल रिकामंच दिसलं, तेव्हा मी उठून कँटीनच्या दाराशी जाऊन उभी राहिले.

साडेदहाला त्यांचा फोन आला.

"अगं, मी क्लेमेंटीला उभा आहे. बसच्या इंटरचेंजमध्ये. विद्यापीठाची बस कोणती गं?"

सर क्लेमेंटीत एकाच फ्लॅटमध्ये वीस वर्षं राहत होते. मी विद्यापीठात यायला लागले तेव्हा त्या बसचा नंबर मला त्यांनीच सांगितला होता. मी नंबर सांगितला आणि वर हसून म्हणाले, "सर, नवीन फलक लावलेत ना तिथे, माझाही परवा गोंधळ झाला होता." नवीन फलक वगैरे काही नव्हतं. इतकं सहज खोटं माझ्या तोंडून कसं आलं, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं. आता लाज वाटते.

सरांची ओळख करून द्यायची तर ते आमच्या विषयाचे सम्राटच होते, आणि हे मी थट्टेने म्हणत नाही. तीन साम्राज्यं हा त्यांचा विषय: तुर्कांचं उस्मानी, इराणचं सफवी आणि आपल्याकडचं मुघल. एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या राजवटी कशाने उभ्या राहतात आणि कशाने खचतात, यावर त्यांनी हयात घालवली होती. आणि ते प्रमुख असलेला विभागही तसाच एका शब्दावर चालायचा. कोणाला खोली मिळणार, कोण परिषदेला जाणार, कोणाचा विषय बदलणार, सगळं सर ठरवायचे. समितीची बैठक व्हायची ती सरांनी आधीच ठरवलेल्या गोष्टीवर माना डोलवायला.

त्याचा फायदा मला झाला होता, हेही सांगायला हवं. पुण्यात मी फारसी आणि मोडी शिकले होते. मग लग्न झालं, नवऱ्याला इथे आयटीतली नोकरी लागली, मुलगी झाली, आणि नऊ वर्षं मी फक्त तिचे डबे भरले. मराठी मंडळाच्या दिवाळी फराळाला सर भेटले. चकली खात खात त्यांनी मला एका फर्मानाच्या भाषेबद्दल काहीतरी विचारलं, मी उत्तर दिलं, आणि ते म्हणाले, "सोमवारी ये." बस्स. नऊ वर्षांचा खंड का पडला, वय किती, कोणी काही विचारलं नाही. कुठल्याही समितीने माझा अर्ज पहिल्या फेरीतच बाजूला काढला असता. एकछत्री कारभाराची ही बाजू पुस्तकात कोरडी वाटते. हुकूम वरून एकदम खाली येतो, वाटेत अडत नाही, आणि गुलाम म्हणून आणलेला माणूसही राजाच्या मर्जीने वजीर होऊ शकतो. मी त्यातलीच.

पण त्या वर्षी माझं घोडं अडलं होतं. नवऱ्याच्या कंपनीने इथलं काम आवरतं घ्यायचं ठरवलं होतं. त्याचा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे राहून नोकरी करायचा परवाना, ऑगस्टमध्ये संपणार होता, आणि त्याच्या पासावर मुलीचा आणि माझा पास. आमच्या घरातही एकाच कागदावर तिघांचं राज्य उभं होतं म्हणायचं. ऑगस्टच्या आत प्रबंध सादर व्हायलाच हवा होता. त्यासाठी गाईड म्हणून सरांची सही हवी होती. आणि सर विसरायला लागले होते.

सुरुवात तिसऱ्या प्रकरणापासून झाली. त्यात मी सफवी राजपुत्रांबद्दल लिहिलं होतं. पुढे बंड करतील या भीतीने त्यांना जनानखान्यातच वाढवत, मग एके दिवशी उचलून थेट गादीवर बसवत. ना लढाई पाहिलेली, ना कारभार. सरांनी त्या परिच्छेदावर लाल पेनने लिहिलं, "काढून टाक." मी काढला. पंधरा दिवसांनी तेच प्रकरण परत आलं, त्याच लाल पेनने, त्याच जागी लिहिलेलं: "इथे राजपुत्रांच्या कोंडवड्याबद्दल एक परिच्छेद हवाच. कसा विसरलीस?" मला वाटलं, सर माझी परीक्षा घेतायत. मी परिच्छेद परत घातला. त्यांनी शेजारी बरोबरची खूण केली. मग मी दोन्ही प्रती टेबलावर शेजारी ठेवून पाहिल्या. ही परीक्षा नव्हती.

त्यानंतर सेमिनारमध्ये ते मराठीत बोलायला लागले.

पहिल्यांदा झालं तेव्हा सगळे हसले. टेबलाभोवती आम्ही आठ जण होतो. एक तुर्की संशोधक, इथलीच एक मलय मुलगी, बाकीचे चिनी आणि दोन बंगाली. सर उस्मानी तोफखान्याबद्दल इंग्रजीत बोलत होते आणि मधेच, न थांबता, मराठीत शिरले. त्यांच्या लक्षातच आलं नाही. मी पटकन म्हणाले, "सर म्हणतायत की..." आणि भाषांतर केलं. सर माझ्याकडे बघून पुढे बोलत राहिले, मराठीतच. मीही पुढे सांगत राहिले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्या प्राध्यापकाची ही एक नवी लहर. लोकांना लहरी सम्राट आवडतात.

दुसऱ्या वेळी ते जे बोलले त्याला शेंडाबुडखा नव्हता. एका लढाईतून दुसऱ्या लढाईत, इस्तंबूलहून थेट दिल्लीत, मग त्यांच्या आईच्या हातच्या थालीपिठावर. सगळे माझ्याकडे बघत होते. मी काय करावं? मी थालीपीठ गाळलं, दोन लढायांच्या मध्ये एक दुवा घातला आणि नीटनेटकं वाक्य करून दिलं. तुर्की संशोधकाने ते वहीत उतरवून घेतलं. "ब्रिलियंट," तो म्हणाला.

पुढचे दोन महिने मी हेच करत होते. सर बोलायचे, मी सांगायचे. त्यांच्या ईमेलची उत्तरं मी लिहायला लागले, त्यांनी मान हलवली की खाली त्यांचं नाव घालून पाठवायला लागले. राजाच्या शिक्क्याचा डबा एखाद्या सरदाराच्या हाती आला की काय होतं यावर माझं एक अख्खं प्रकरण होतं. ते लिहिताना मी त्या सरदारांना चांगलंच फैलावर घेतलं होतं.

त्या मलय मुलीच्या लक्षात आलं. एकदा कँटीनच्या रांगेत ती हळूच म्हणाली, "सरांना कोणीतरी सांगायला हवं. त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं. तू सांग, तुम्ही एकाच भाषेचे." मी म्हणाले, बघते. सरांच्या पत्नी गेलेल्या, मुलगा कॅनडात. घरी कोणी नव्हतं ज्याला दिसावं. दिसत होतं ते फक्त मला, आणि मी मूग गिळून बसले होते.

घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आत्ता बोललीस की गाईड बदलणार. नवा माणूस पहिल्यापासून वाचणार. वर्ष गेलं म्हणून समज. सही होऊ दे, मग सांग." मुलगी सोफ्यावर मोबाइल बघत होती. मान वर न करता इथल्या शाळेतल्या इंग्रजीत म्हणाली, "मम्मी, जस्ट टेल हिम लाह. ही इज नॉट अ किंग." मी तिला गप्प बसवलं. बारा वर्षांच्या मुलीला काय कळतंय, असं काहीतरी बोलले. बरोबर बोललेल्या माणसावरच माझा आवाज जास्त चढतो, हा माझा जुना दोष आहे.

शेवटच्या प्रकरणावर सरांनी एक प्रश्न लिहिला होता. हस्ताक्षर थोडं हललेलं, पण प्रश्न त्यांच्याच धारेचा. "या सगळ्यांत आपणहून पायउतार झालेला कोणी आहे का? शोध." मी बरंच शोधलं. मारलेले, कैदेत टाकलेले, डोळे काढलेले, छावणीत मेलेले आणि मेल्यावरही काही आठवडे जिवंत असल्याचं भासवलेले असे खूप सापडले. एका सुलतानाचा मृत्यू वेढ्याच्या ऐन धामधुमीत झाला, तर वजिराने सैन्याला कळूच दिलं नाही, त्याच्या नावाने हुकूम सुटत राहिले. आपणहून उतरलेला फार मागे जाऊन एकच मिळाला. तो उस्मानी सुलतान लहान मुलाच्या हाती गादी देऊन बाजूला झाला होता. पण शत्रू चाल करून आला आणि दरबाऱ्यांनी त्याला परत आणलं. मी लिहिलं, "या राजवटींना चढण्याच्या शंभर वाटा होत्या, उतरण्याची सोय नव्हती." सरांनी त्याखाली लिहिलं, "छान." त्या एका शब्दावर मी आठवडाभर हवेत होते.

त्याच सुमारास वार्षिक व्याख्यानाची वेळ आली. दर वर्षी ते सर देत, मोठ्या सभागृहात, बाहेरचे पाहुणेही येत. विषय त्यांनीच दिला होता: एकाच माणसाच्या हाती सगळी सत्ता असलेल्या साम्राज्यांचं बळ आणि दुबळेपण. एका सकाळी खांबाजवळच्या टेबलावर सर बराच वेळ कोपीत चमचा ढवळत बसले. त्यात साखर नव्हती, दूधही नव्हतं.

मग मराठीत म्हणाले, "यंदाचं व्याख्यान दुसऱ्या कोणाला तरी द्यायला सांगू का गं? दमायला होतं."

हे त्यांनी मला विचारलं. मला. एवढं साधं वाक्य, आणि त्यांनी ते किती दिवस मनात घोळवलं असेल. मी "हो सर, सांगा" एवढंच म्हणायचं होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ऑगस्ट आला. सरांनी व्याख्यान सोडलं तर लोक विचारतील, का. मग कोणीतरी सेमिनारच्या वह्यांत गेलेली माझी वाक्यं तपासेल. सही व्हायला अजून सहा आठवडे होते.

"काहीतरीच काय सर!" मी म्हणाले. "तुमच्याशिवाय ते व्याख्यान कसलं? मी लिहून देते ना सगळं, मोठ्या अक्षरात. तुम्ही फक्त वाचायचं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "तू म्हणतेस तर."

पुढचे बारा दिवस माझं खाण्यावरून मन उडालं. मी भाषण लिहिलं, मोठ्या टाईपात छापलं, प्रत्येक पानावर मोठा आकडा घातला, पानं एका बाजूने शिवली म्हणजे हलायची नाहीत. रोज दुपारी सरांकडून वाचून घेतलं. काही दिवस अगदी छान जायचे. दख्खनेत पंचवीस वर्षं अडकून पडलेल्या बादशहाचा भाग ते असा वाचायचे की मीच दचकायचे. आपण मराठी माणसं ती गोष्ट आपल्या बाजूने शिकतो, विजयाची म्हणून. सर ती म्हाताऱ्याची गोष्ट म्हणून सांगायचे. एक ऐंशी पार केलेला माणूस तंबूत बसलाय, राजधानी लांब आहे, मुलं त्याच्या मरणाची वाट बघतायत, आणि त्याला थांब म्हणायची छाती एकाची होत नाही. काही दिवस मात्र सर तिसऱ्या पानावरच अडायचे. मला वाटायचं, त्या दिवशी चांगला दिवस निघो. नवसही बोलले असते, पण असल्या कामासाठी कुठल्या देवाकडे तोंड करायचं?

व्याख्यानाच्या दिवशी सर कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. सभागृह भरलेलं. मी पहिल्या रांगेत कडेला बसले, माझ्याकडे भाषणाची दुसरी प्रत. पहिलं पान उत्तम झालं. दुसरंही. लोक मान डोलवत होते. सरांनी पान उलटलं, थांबले, परत मागे उलटलं, आणि दुसरं पान पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. त्याच चढउतारासह. रांगांमध्ये किंचित हालचाल झाली. मलय मुलीने मागून माझ्या खांद्याला बोट लावलं. दुसरं पान संपलं. सर पुन्हा पान मागे उलटायला गेले आणि मधेच थबकले. त्यांना स्वतःलाच कळलं होतं. ते तोंड मी कधी विसरणार नाही.

मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. सर माझ्याकडे वळून मराठीत, माइकवरच, शांतपणे म्हणाले,

"मला पुढचं आठवत नाहीये. हे काय लिहिलंय तेही कळत नाहीये. यांना सांग."

सगळं सभागृह माझ्याकडे बघत होतं, भाषांतराची वाट बघत. आणि मग माझ्या तोंडून दोन महिन्यांच्या सवयीने इंग्रजी बाहेर पडलं: "सर म्हणतायत, उरलेला वेळ आपण तुमच्या प्रश्नांना देऊ."

लोक सैलावले. कोणीतरी टाळीही वाजवली. आणि तेव्हा सर माझ्याकडे बघत होते. त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा दसपट चांगलं होतं. माझं प्रत्येक भाषांतर, आजवरचं एकूण एक, त्यांनी ऐकलं होतं. हे इतके दिवस मी कसं विसरले होते? विसरणारे ते होते असं मी धरून चालले होते.

सरांनी माइक स्वतःकडे ओढला. स्वच्छ, सावकाश इंग्रजीत ते म्हणाले, "हे भाषांतर चुकलंय. मी म्हणालो, मला आठवत नाही. गेले काही महिने मला आठवत नाही. या पदावरून मी आजपासून बाजूला होतोय." मग त्यांनी शिवलेली पानं मिटली, छत्री घेतली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या एकेक करत खाली उतरले. खाली पोचेपर्यंत कोणी हललं नाही. मी तर वरच उभी होते.

व्हायचं ते सगळं झालं. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या आजाराचं. कॅनडाहून मुलगा आला, दिवसभर सोबतीला एक बाई ठेवली. मला नवे गाईड मिळाले, त्यांनी पहिल्यापासून वाचायला घेतलं. ऑगस्टमध्ये नवरा आणि मुलगी पुण्याला गेले. मी स्टुडंट पास काढून क्लेमेंटीत एका खोलीत भाड्याने राहिले. ज्या वर्षासाठी मी हे सगळं केलं, ते वर्ष गेलंच. तुर्की संशोधकाला मी वहीतली कोणती वाक्यं सरांची नव्हेत ते खुणा करून दिलं. त्यानंतर तो माझ्या टेबलावर बसेनासा झाला.

सरांकडे जायला मला चार महिने लागले. एका रविवारी दुपारी गेले. ते इमारतीखालच्या कोपीटियममध्ये, कॉफीच्या साध्या हॉटेलात, बसले होते, सोबतची बाई शेजारी. मला बघून खूश झाले, नावाने हाक मारली. मी मनाशी ठरवून गेले होते की आज सरांशी खोटं बोलायचं नाही, काही झालं तरी नाही.

"आज कशी काय आलीस?" सर म्हणाले.

"सांगायचं होतं काहीतरी सर. तुम्ही व्याख्यान सोडणार होतात. मी सोडू दिलं नाही. माझ्या प्रबंधावर तुमची सही राहिली होती म्हणून."

सरांनी कोपीचा घोट घेतला. "माहीत आहे गं," ते म्हणाले. "कळलं होतं मला तेव्हाच. म्हणून तर व्याख्यानाला उभा राहिलो."

मला रडू आलं. सरांनी खिशातून टिश्यूचं पाकीट काढून पुढे केलं. इतके महिने छातीवर असलेला दगड उतरला, असं वाटलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो, पाऊस येऊन गेला, बाईंनी त्यांच्यासाठी नारळाच्या जॅमचा कायाटोस्ट आणला. सर तो खाऊन हात पुसत माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मघाइतकाच प्रसन्न होता.

"अरे वा! आज कशी काय आलीस?"

एक क्षण वाटलं, म्हणावं सहज आले, सर. ते वाक्य ओठांवर तयार होतं. पण मी ठरवलं होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, तेच शब्द, सही, व्याख्यान, सगळं.

या वेळी हातातला टिश्यू त्यांनी घडी घालून टेबलावर ठेवला.

"असं का केलंस तू?" त्यांनी विचारलं.